कापूस, रुई आणि पेनड्राइव्हमधली गाणी

माझा भाचा केजकडचा. उसाच्या हंगामात त्याचा ट्रॅक्टर कारखान्यावर असतो. टपाखाली चार स्पीकर, सीटमागं अ‍ॅम्प्लिफायर, आणि यंदा नवीन डेक. डेक बसवला त्याच रात्री फोन आला, "मामा, डेकवाला म्हणायलाय ह्याच्यात हाय-रेस चालतंय. एमपी थ्रीत दम नाही म्हणं. मग मी गाणी कोणती भरू?"

हा घोळ त्याच्या एकट्याचा नाही. ॲपल म्युझिकनं २०२१ मध्ये आणि स्पॉटिफायनं २०२५ मध्ये 'लॉसलेस' गाणी द्यायला सुरुवात केली. आता तो शब्द हेडफोनच्या खोक्यावर आहे, फोनच्या सेटिंगमध्ये आहे आणि डेकवाल्याच्या तोंडातही आहे. सोबत एफएलएसी, एएसी, वेव्ह, अमुक केबीपीएस, तमुक बिट. ज्याला फक्त सिनेमाची गाणी ऐकायचीत त्यानं ह्यातलं किती समजून घ्यायचं? माझ्या मते फार थोडं. पण ते थोडं नीट समजलं पाहिजे, नाहीतर पैसे नको तिथं जातात.

आवाजाची फाइल होते कशी

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली थरथर. ती आकड्यांत उतरवायची तर ठरावीक वेळानं मोजत राहायचं. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली तेव्हा ठरलं की सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचं. ह्या वेगाला सॅम्पल रेट म्हणतात. प्रत्येक वेळचं माप ज्या पट्टीवर घ्यायचं तिच्यावर ६५,५३६ खुणा. ही झाली १६ बिटची पट्टी. डावा आणि उजवा असे दोन आवाज वेगवेगळे मोजायचे. संपलं. सीडीवर ह्यापलीकडे काही नसतं.

४४,१०० हा आकडा विचित्र वाटतो. माणसाला फार तर सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि कुठलीही लाट पूर्ण पकडायची तर तिच्या कंपनांच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, असं गणित सांगतं. म्हणजे ४० हजारांच्या वर काहीतरी हवं होतं. नेमका हाच आकडा का, तर त्या काळी डिजिटल आवाज व्हिडिओटेपच्या यंत्रांवर साठवत असत आणि त्या यंत्रांच्या हिशेबात तो बसत होता.

लोक म्हणतात की असं मोजलं तर मधलं निसटत असेल, आवाजाच्या पायऱ्या होत असतील. होत नाहीत. २० हजार कंपनांच्या आतली लाट ह्या मापांवरून परत जशीच्या तशी गुळगुळीत काढता येते. पायऱ्यांची ती चित्रं जाहिरातीत छान दिसतात, एवढंच.

सेकंदाला किती माहिती लागते त्याला बिटरेट म्हणतात. सीडीचा बिटरेट १,४११ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १,४११ हजार बिट. पाच मिनिटांचं गाणं असं ठेवलं तर सुमारे ५३ एमबी होतं. वेव्ह नावाची फाइल असते ती हीच, काही न दाबलेली.

जिनिंग आणि प्रेसिंग

आमच्या परभणीकडं जिनिंग-प्रेसिंग हा जोडशब्दच आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रांगेत लागतात. पण त्या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि गाण्याच्या फाइलींचं सगळं गुपित त्याच फरकात आहे.

प्रेसिंगमध्ये रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. आत काही घालत नाहीत, बाहेर काही काढत नाहीत. सूतगिरणीत गाठ फोडली की तेवढीच रुई परत फुलते. एफएलएसी ही फाइल म्हणजे अशी गाठ. एफएलएसी २००१ मध्ये आली, ती फुकट आणि सर्वांना खुली आहे. ॲपलची तशीच फाइल एएलएसी. गाण्यात शेजारशेजारची मापं एकमेकांच्या जवळची असतात. मग प्रत्येक वेळी पूर्ण आकडा लिहिण्याऐवजी मागच्यावरून पुढचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जितका चुकला तेवढंच लिहायचं. ५३ एमबीचं गाणं साधारण ३० एमबीत बसतं आणि वाजवताना शेवटच्या आकड्यापर्यंत तेच परत मिळतं. लॉसलेस म्हणतात ते हे.

जिनिंगचं तसं नाही. तिथं सरकी वेगळी होते. शंभर किलो कापसातून रुई निघते तेहतीस-पस्तीस किलो. एमपी थ्री म्हणजे जिनिंग. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा त्यात मोठा वाटा; फाइलीला '.एमपी३' हे शेपूट लावायचं १९९५ च्या जुलैत ठरलं. ह्यात गाण्यातला बराच भाग खरोखर काढून टाकतात. कोणता? जो तुमच्या कानाला तसाही ऐकू आला नसता तो. मिरवणुकीत हलगी कडाडत असताना शेजारचा काही पुटपुटला तर ते हवेत असतं, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही. एमपी थ्री बनवणारा प्रोग्राम क्षणाक्षणाला असा हिशेब करतो, कोणता आवाज कोणत्या आवाजाखाली झाकला जातोय ते बघतो आणि झाकलेल्यावर जागा खर्च करत नाही. एएसी हा त्याचाच धाकटा आणि जास्त हुशार भाऊ. तेवढ्याच जागेत जरा बरं काम करतो.

(सरकीला भाव असतो, तेल निघतं, ढेप निघते. एमपी थ्रीतून काढलेल्याला काहीच भाव नाही. उपमा इथं थांबते.)

आता महत्त्वाचं. रुई पुन्हा गाडीत भरली, वर ताडपत्री टाकून 'कापूस' अशी चिठ्ठी लावली, तर सरकी परत येते का? बाजारात, टेलिग्रामवर, कुठल्याकुठल्या साइटवर 'एफएलएसी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच फाइली अशाच असतात. कुणीतरी १२८ ची एमपी थ्री घेऊन तिचं एफएलएसी केलेलं असतं. फाइल पाच-सहा पट फुगते, आवाज तोच.

पकडायचं कसं? ऑडेसिटी नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे. त्यात फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम बघायचा, म्हणजे किती कंपनांचा आवाज कधी आहे ते दाखवणारं चित्र. १२८ केबीपीएसच्या एमपी थ्रीत साधारण १६ हजार कंपनांच्या वर बहुतेक वेळा सगळं कापलेलं असतं, चित्रात सरळ रेघ मारल्यासारखं दिसतं. मात्र जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच वर काही नसतं, तिथं ही परीक्षा चालत नाही.

"मला तर काही फरक कळत नाही"

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि ती बरोबर आहे. १२८ केबीपीएसच्या जुन्या एमपी थ्रीत फरक कळतो. झांजा, टाळ, टाळ्यांचा कडकडाट ऐका. टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे वाटतात. अचानक उठणारा तीक्ष्ण आवाज एमपी थ्रीला सगळ्यात जड जातो. पण ३२० ची एमपी थ्री किंवा २५६ ची एएसी नीट बनवलेली असेल, तर ती मूळ सीडीपासून ओळखणं बहुतेकांना जमत नाही.

मला जमतं असं मी वर्षानुवर्षं सांगत फिरायचो. मग मुलीनं डोळ्यांवर उपरणं बांधून परीक्षा घेतली. 'सैराट'मधलं एक गाणं निवडलं, कारण त्यातला वाद्यवृंद अमेरिकेतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केलेला आहे आणि व्हायोलिनचे इतके थर आहेत की काही हरवलं तर तिथंच कळेल असा माझा दावा. वीस वेळा ऐकवलं. अकरा वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. शिवाय पन्नाशीत वरचे आवाज कानाला ऐकू येईनासे होतात. पंधरा हजारांच्या वरचं मला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि मी वीस हजारांवर भांडत होतो.

ब्लूटूथवर तर विषयच मिटतो. फोनमध्ये एफएलएसी असली तरी हवेतून स्पीकरकडे पाठवताना फोन तिला पुन्हा जिनिंगमध्ये घालतो, एसबीसी किंवा एएसी नावाच्या पद्धतीनं. काही फोन आणि हेडफोनांत ह्याहून बऱ्या पद्धती असतात, पण साध्या ब्लूटूथ स्पीकरवर 'लॉसलेस' ऐकण्यासाठी महिन्याचे जादा पैसे मोजणं म्हणजे बिसलेरीच्या पाण्यानं बैल धुणं.

मग लॉसलेस हवंच कशाला

ऐकण्यासाठी नको असेलही. ठेवण्यासाठी हवं.

एमपी थ्रीवरून एएसी केली, तिच्यावरून पुन्हा एमपी थ्री केली, तर दर फेरीला थोडं गळतं. यूट्यूबवरचा आवाज आधीच एएसी किंवा ओपस पद्धतीनं दाबलेला असतो. 'डाउनलोड करा ३२० मध्ये' म्हणणाऱ्या साइट त्यालाच परत दाबून मोठ्या पिशवीत भरतात. आकडा ३२०, माल उष्टा. घरी एक एफएलएसी असली की उद्या कारसाठी, परवा नव्या फोनसाठी, आणखी दहा वर्षांनी जे काही येईल त्यासाठी तिच्यावरून ताजी नक्कल काढता येते. बियाणं जपून ठेवायचं आणि पेरायला दरवर्षी वेगळं काढायचं, तशातली गोष्ट.

आणि ते हाय-रेस

हाय-रेस म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजमाप. २४ बिटची पट्टी, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त खुणा, आणि सेकंदाला ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार मोजणी. स्टुडिओत २४ बिट खरोखर लागतात. तिथं पन्नास-साठ वाद्यांचे वेगळे ट्रॅक कमी-जास्त करत एकत्र आणायचे असतात, हाताशी मोकळी जागा हवी. घरी ऐकायला १६ बिट भरपूर. १९२ हजारवालं पाच मिनिटांचं गाणं न दाबता सुमारे ३४५ एमबी होतं आणि त्यातला जास्तीचा भाग वटवाघळांच्या उपयोगाचा.

साठच्या दशकातलं मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा नसलेलं, गाणं जेव्हा हाय-रेस म्हणून विकायला येतं तेव्हा मला हसू येतं. त्या काळच्या टेपची खरखर अतिशय बारकाईनं मोजलेली मिळते. आमची पिढी तर ती गाणी परभणी आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवर ऐकत वाढली, जिथं वरचे निम्मेअधिक आवाज पोचतच नाहीत, आणि तरी जीव जडला.

एकच गाणं, चार अवतार

ज्या प्रश्नावर खरा वेळ घालवावा तो फॉरमॅटचा नाहीच. 'ह्या गाण्याची कोणती आवृत्ती घेतोय?' हा तो प्रश्न, आणि तो कुणी विचारत नाही.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. सिनेमात गाणं पाच-साडेपाच मिनिटांचं असायचं. मग रेकॉर्डसाठी एखादा अंतरा गाळायचे, मधलं संगीत तोडायचे, कधी गाणं दोन बाजूंना 'भाग १', 'भाग २' असं विभागायचे, तर कधी रेकॉर्डसाठी वेगळंच गायलं जायचं. म्हणून पडद्यावर ऐकलेला अंतरा अल्बममध्ये सापडत नाही तेव्हा तुम्ही फसलेला नसता, तो रेकॉर्डवर कधी नव्हताच. उलटही होतं, रेकॉर्डवर असलेलं कडवं सिनेमात कापलेलं असतं.

दुसरा अवतार झंकारचा. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर वरून ढोलक, ऑक्टोपॅड चढवून 'झंकार बीट्स' म्हणून विकायचे. एसटी स्टँडवरच्या रसवंतीत, ट्रकमध्ये, लग्नाच्या मांडवात हीच वाजायची. मला ती अजूनही आवडतात, लाज कशाची? पण मूळ म्हणून विकत घेतली आणि हाती झंकार आलं की डोकं फिरतं. ॲपवर दोन्हींचं नाव सारखं आणि चित्रही सारखं असू शकतं. आधी तीस सेकंद ऐकून बघा.

तिसरा रिमास्टर. जुन्या टेपवरून नव्यानं, काळजीपूर्वक उतरवलेलं असेल तर उत्तमच. पण पुष्कळदा रिमास्टर म्हणजे दोन गोष्टी असतात: खरखर पुसणं आणि आवाज चढवणं. खरखर पुसताना गायिकेचा श्वास, सारंगीच्या गजाची घसट हीही पुसली जाते. आवाज चढवताना हळू भाग उचलून मोठ्या भागाच्या जवळ आणतात. सगळं सारखंच मोठं. गायकानं जी ओळ कानात सांगितल्यासारखी म्हटली होती ती आता सभेतल्यासारखी ऐकू येते. पहिल्या ऐकण्यात छान वाटतं, अर्ध्या तासात कान शिणतात. म्हणून नव्वदच्या दशकातली एखादी जुनी सीडी ही नव्या रिमास्टरच्या हाय-रेस फाइलीपेक्षा ऐकायला चांगली निघू शकते. बिघडलेलं रिमास्टर २४ बिटमध्ये भरून परत चांगलं होत नाही.

चौथा अवतार म्हणजे पार्श्वसंगीत. आपल्याकडं सिनेमाचा अल्बम म्हणजे गाणी, एवढंच धरतात. प्रसंगामागं वाजणारं संगीत बऱ्याच सिनेमांचं कधी बाहेर येतच नाही, आलं तर वेगळा अल्बम म्हणून, काही महिन्यांनी. 'शोले'चे संवाद १९७५ नंतर रेकॉर्डवर निघाले आणि गावोगावच्या भोंग्यांवर वाजले. तसं भाग्य पार्श्वसंगीताला फार थोड्या वेळा मिळालं. तेव्हा 'ओरिजिनल साउंडट्रॅक' असं लिहिलेलं दिसलं तरी आत काय आहे त्याची यादी वाचा.

विकत घेतलं की भाड्यानं?

"ॲपवर सगळं असताना विकत कशाला घ्यायचं?" असं मुलगी विचारते. ॲप म्हणजे भाड्याची खोली. महिन्याला भाडं, आत सगळी सोय, आणि मालकाचं कुणाशी बिनसलं की सामानासकट बाहेर. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय ह्यांचा करार संपला आणि कित्येक हिंदी-मराठी गाणी एका दिवसात लोकांच्या याद्यांमध्ये करडी पडली, वाजेनाशी झाली. ॲपच्या आतलं 'डाउनलोड' हीसुद्धा मालकी नव्हे. मी एका ॲपमध्ये दोन वर्षं गाणी जमवली होती, कार्डाची मुदत संपली, हप्ता चुकला. जालन्याच्या रस्त्यावर रेंज नसताना बघतो तर सगळ्या गाण्यांना कुलूप.

विकत घेतलेल्यातही फरक आहे. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं, जून २०१३ मध्ये बंदही केलं. पण तिथं साधी एमपी थ्री मिळायची. ज्यांनी ती उतरवून घेतली होती त्यांच्याकडं ती आजही वाजते. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं. तिथली गाणी २५६ केबीपीएस एएसीमध्ये आणि बिनकुलपाची असतात, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरही वाजतात. स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प आहे, तिथं एकदा पैसे भरले की एफएलएसी किंवा एमपी थ्री हवी ती उतरवता येते. घेतलं की लगेच आपल्या डिस्कवर उतरवा, दुकानाच्या भरवशावर ठेवू नका.

आणि मोबाइलच्या दुकानात 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी पाटी असते त्याचं काय? आधी कॅसेट भरून मिळायची, यादी देऊन यायची आणि दोन दिवसांनी न्यायला जायचं. मग सीडी, आता पेनड्राइव्ह. सगळ्यांनीच भरून घेतलंय, मीही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला जी सूट आहे ती नकला करून विकणाऱ्या दुकानदाराला लागू होत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मालाचा दर्जा वाईटच असतो. हा त्यानं भरलेल्या कार्डावरून भरतो, त्यानं आणखी कुणाच्या. जिनिंगवर जिनिंग.

जुनी सीडी घेताना

हिंदी-मराठी सिनेमांच्या जुन्या गाण्यांसाठी मला अजून सीडीच सगळ्यात भरवशाची वाटते. जुन्या बाजारात, ऑनलाइन, कुणाच्या तरी कपाटात सापडते. साधी खूण: एका ऑडिओ सीडीवर ७४ ते ८० मिनिटंच मावतात. 'एका सीडीत १५० गाणी' लिहिलेलं असेल तर ती एमपी थ्रीची सीडी आहे. खालची बाजू जांभळट किंवा हिरवट असेल तर बहुतेक घरी किंवा दुकानात भरलेली. कारखान्यात छापलेली चंदेरी असते. दोन सिनेमे एकाच सीडीवर असतील तर वेष्टनावर एखादं गाणं गाळलंय का ते बघा, जागेसाठी गाळायचे.

लॅपटॉपला आता सीडीचं तोंड नसतं, तेव्हा यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह लागतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा फुकटचा प्रोग्राम आहे. ओरखडा आला की तो पुन्हा पुन्हा वाचतो आणि तुमची नक्कल इतरांच्या नकलेशी जुळते का तेही तपासतो. एफएलएसीत उतरवा, दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवा. एक डिस्क कधीतरी जातेच.

भाच्याचं काय ठरलं

त्याच्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर पाच मिनिटांची गाणी एफएलएसीत हजारेक बसली असती, ३२० च्या एमपी थ्रीत साडेसव्वीसशे. ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या आवाजात हलगीच काय, सासूबाईंचा फोनही ऐकू येत नाही. त्यामुळं एमपी थ्रीच. माझ्याकडच्या सीडींच्या एफएलएसीवरून ताज्या काढून दिल्या. आधी पेनड्राइव्ह एफएटी ३२ नावाच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करावा लागला, कारण डेकला दुसरं काही वाचता येईना. मग कळलं की गाण्यांची नावं देवनागरीत असली की डेकवर नुसते चौकोन उमटतात. दोन संध्याकाळी बसून नावं इंग्रजी अक्षरांत केली.

परवा त्याचा फोन आला तेव्हा तो कारखान्याच्या गव्हाणीबाहेर रांगेत होता, पुढं साठ-सत्तर गाड्या. मागं गाणं वाजत होतं.

"मामा, आवाज लई साफ यायलाय," तो म्हणाला. "पण ते झंकारवालं नाही का तुमच्याकडं? रांगेतली पोरं मागायलेत."